अनुभवी ऑपरेटरच्या डोक्यातले प्रशिक्षणात कसे आणायचे?

सुजय_प
नमस्कार मंडळी. मी एका कारखान्यात बॉयलर विभागाच्या प्रशिक्षणाचे काम पाहतो. आमच्याकडे प्रत्येक कामाची लेखी कार्यपद्धती आहे. बॉयलर पेटवणे, लोडवर घेणे, ब्लोडाउन देणे, पाण्याच्या चाचण्या, बंद करणे, सारे काही पायरीपायरीने लिहिलेले आहे. नवे ऑपरेटर ते नीट वाचतात, लेखी परीक्षेत चांगले गुण मिळवतात आणि शांत शिफ्टमध्ये कामही व्यवस्थित करतात. काही बिनसले की मात्र चित्र पालटते. एकापाठोपाठ एक अलार्म येऊ लागले की काहींचे हात थांबतात, तर काही जण जो अलार्म शेवटी आला त्याच्यामागे धावतात. त्याच पॅनेलवर बसलेला जुना ऑपरेटर दोन-तीन ठिकाणी नजर टाकतो, एखादीच गोष्ट करतो आणि परिस्थिती आटोक्यात येते. त्याला विचारले की उत्तर ठरलेले असते: "अनुभवाने कळतं."

हा अनुभव नव्या माणसांपर्यंत पोचवण्यासाठी कॉग्निटिव्ह टास्क अ‍ॅनालिसिस, म्हणजे कामामागच्या विचारप्रक्रियेचे विश्लेषण, ही पद्धत वापरतात असे वाचले आहे. आपल्यापैकी कोणी ती प्रत्यक्ष वापरली आहे का? तज्ज्ञाला नेमके काय विचारायचे, आणि मिळालेल्या माहितीचे प्रशिक्षणात रूपांतर कसे करायचे? आमचे काही जुने ऑपरेटर लवकरच निवृत्त होत आहेत, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी केवळ अभ्यासाचा राहिलेला नाही.

मृण्मयी
चांगला विषय काढलात. माझे काम प्रशिक्षणाचे आराखडे करण्याचेच आहे आणि ही पद्धत मी बऱ्याचदा वापरते. पहिली गोष्ट अशी, की "तुम्ही हे कसे करता?" हा प्रश्न विचारूच नका. या प्रश्नाला तज्ज्ञ पुस्तकातले उत्तर देतो, कारण त्याच्याकडून तेच अपेक्षित आहे अशी त्याची समजूत असते. त्याऐवजी एक विशिष्ट, घडून गेलेली, अवघड घटना सांगायला लावा.

या विचाराला मोठी परंपरा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलासाठी वैमानिकांच्या निवडीवर काम करणाऱ्या जॉन फ्लॅनॅगन या मानसशास्त्रज्ञाने निर्णायक घटनांवरून माहिती मिळवण्याचे तंत्र १९५४ साली सविस्तर मांडले. पुढे १९८०च्या दशकात गॅरी क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आगीच्या ठिकाणी नेतृत्व करणाऱ्या अग्निशमन अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. अधिकारी निदान दोन पर्यायांची तुलना करत असतील, अशी संशोधकांची अपेक्षा होती. अधिकारी मात्र सांगत होते की आम्ही निर्णय घेतच नाही. परिस्थिती ओळखीची वाटली की तिच्याबरोबरच काय करायचे तेही सुचते, आणि ते चालेल का हे मनातल्या मनात पुढे चालवून पाहिले जाते, असा निष्कर्ष त्या मुलाखतींतून निघाला.

याच कामातून मुलाखतीची जी पद्धत तयार झाली, तिच्यात एकच घटना चार वेळा उलगडतात. आधी योग्य घटना निवडायची. मग तिचा कालक्रम कागदावर मांडायचा आणि जिथे परिस्थितीबद्दलची समज बदलली किंवा निर्णय घ्यावा लागला, ती ठिकाणे खुणेने दाखवायची. तिसऱ्या फेरीत प्रत्येक खुणेपाशी थांबून त्या क्षणी काय दिसत होते, काय ऐकू येत होते, काय होईल असे वाटत होते, हे विचारायचे. शेवटच्या फेरीत "असे नसते तर?" हे प्रश्न घ्यायचे. खरा माल तिसऱ्या आणि चौथ्या फेरीत मिळतो. पुष्कळ जण दुसऱ्या फेरीनंतरच वही मिटतात.

देवदत्त
मृण्मयीताईंचे म्हणणे पटते, पण यात नवे किती आहे याबद्दल मला शंका आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच अमेरिकेतील कारखान्यांसाठी ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री नावाचा कार्यक्रम चालला होता. शिकवण्याआधी कामाचे टप्पे पाडायचे आणि प्रत्येक टप्प्यासमोर कळीचे मुद्दे लिहायचे, हे त्यात पर्यवेक्षकांना शिकवले जाई. कामाची उद्दिष्टे आणि उपउद्दिष्टे अशी उतरंड मांडण्याची पद्धत अ‍ॅनेट आणि डंकन यांनी १९६७ मध्ये दिली. आमच्या पिढीने यावरच माणसे तयार केली. दर वीस-पंचवीस वर्षांनी जुन्याच गोष्टीला नवे नाव मिळते आणि सल्लागारांना नवे काम मिळते, अशी माझी धारणा आहे.

मृण्मयी
देवदत्तकाका, त्या पद्धती मी आजही वापरते. पण कळीचा मुद्दा कोणता, हे तिथे सांगणार कोण? ज्याला काम येते तोच, आणि तेही काम करताना दिसणाऱ्या हालचालींवरून. जिथे काम हातात असते तिथे हे पुरेसे ठरते. सुजय यांच्या पॅनेलवरचा माणूस बराच वेळ काहीच करत नाही, आणि काही न करणे हाच तिथे निर्णय असतो. त्या वेळी त्याची नजर कुठे होती आणि तो कशाची वाट पाहत होता, हे टप्प्यांच्या तक्त्यात कधीच उमटत नाही.

निशिगंध
मी नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. आमच्या क्षेत्रातले या पद्धतीचे एक उदाहरण इथे सांगायलाच हवे. क्रँडल आणि गेचेल-रायटर या संशोधकांचा १९९३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अशा विभागातल्या अनुभवी परिचारिकांना बाळाला जंतुसंसर्ग होतो आहे हे तपासणीचे अहवाल येण्याआधीच कळत असे, पण कशावरून हे त्यांना सांगता येत नव्हते. त्यांनी हाताळलेल्या एकेका बाळाची हकीकत खोदून विचारल्यावर खुणांची जी यादी हाती लागली, तिच्यातल्या काही खुणा तेव्हाच्या वैद्यकीय ग्रंथांत नव्हत्याच, आणि काही तर मोठ्या माणसांतील संसर्गाच्या लक्षणांच्या नेमक्या उलट होत्या.

मला स्वतःला हे रोज दिसते. नवी मुलगी मॉनिटरवरचे आकडे पाहते आणि ते सगळे मर्यादेत असले की पुढच्या बाळाकडे जाते. जुनी परिचारिका डायपर बदलताना बाळाने पाय किती जोराने ओढून घेतला ते पाहते. काल रडणारे बाळ आज सुई टोचताना नुसते कण्हले, दूध घेताना मध्येच दमले, हातापायांची कातडी किंचित जाळीदार, डागाळल्यासारखी दिसली, तर ती डॉक्टरांना फोन करते. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर तिला फारसा अर्थ नसतो. दोन-तीन एकत्र आल्या आणि त्या याच बाळाच्या कालच्या अवस्थेपेक्षा वेगळ्या असल्या, तरच त्यांना अर्थ येतो. म्हणून केवळ लक्षणांची यादी भिंतीवर लावून उपयोग होत नाही. एकाच बाळाच्या लागोपाठच्या पाळ्यांच्या नोंदी समोर ठेवून "तुला काय वेगळे वाटते?" असे विचारावे लागते.

वाटसरू
निशिगंधताई, हा प्रतिसाद आमच्या प्रशिक्षण विभागात सर्वांना वाचून दाखवणार आहे. वाचनखूण साठवली.

कैवल्य
तज्ज्ञाला सांगता का येत नाही, याविषयी थोडे लिहितो. पुष्कळांना वाटते की तो मुद्दाम लपवतो. क्वचित तसे असतेही, पण मुख्य कारण वेगळे आहे. एखादे कौशल्य वर्षानुवर्षे वापरले की त्यातल्या पायऱ्या एकमेकींत मिसळून जातात आणि त्यांच्याकडे जाणीवपूर्वक लक्ष द्यावे लागत नाही. काम वेगाने होण्याचे कारण हेच, आणि ते सांगता न येण्याचेही हेच. आपल्याला सांगता येते त्यापेक्षा अधिक माहीत असते, हा मायकेल पोलान्यी यांचा विचार प्रसिद्ध आहे. १९७७ मध्ये निस्बेट आणि विल्सन यांनी एक पाऊल पुढे जाऊन दाखवले, की आपण असे का वागलो याची माणसे जी कारणे देतात ती अनेकदा मागाहून रचलेली असतात, आणि ती देताना आपण रचतो आहोत याची त्यांना कल्पनाही नसते.

रिचर्ड क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की शिकवताना तज्ज्ञ आपल्या निर्णयांशी संबंधित माहितीपैकी सत्तर टक्क्यांपर्यंत भाग नकळत वगळतात. शस्त्रक्रिया शिकवणाऱ्या शल्यचिकित्सकांच्या अभ्यासातही अशीच मोठी गळती आढळली. कृती ते बऱ्यापैकी सांगतात, पण ती केव्हा करायची आणि केव्हा टाळायची हे निर्णय त्यांच्या सांगण्यातून निसटतात.

अवलोकिता
कैवल्य, सत्तर टक्के या आकड्याबाबत सावध राहायला हवे. एकूण माहिती किती, हे आधी ठरल्याशिवाय टक्केवारी निघत नाही, आणि ते एकूण ठरते कसे? अनेक तज्ज्ञांच्या मुलाखती एकत्र करून. म्हणजे एकाने न सांगितलेले दुसऱ्याने सांगितले की ती पहिल्याची गळती मानली जाते. कदाचित पहिला माणूस ते काम त्या पायरीविनाच करत असेल. गळती मोठी असते हे मलाही मान्य आहे, मात्र प्रशिक्षणाच्या प्रस्तावात हा आकडा निसर्गनियमासारखा लिहू नये.

शिवाय निस्बेट आणि विल्सन यांच्या निष्कर्षावरून तज्ज्ञांचे बोलणे निरुपयोगी ठरवणेही योग्य नाही. एरिक्सन आणि सायमन यांनी दाखवल्याप्रमाणे, काम चालू असताना मनात जे येते ते तसेच मोठ्याने बोलायला सांगितले तर ते बरेच विश्वासार्ह असते. बिघाड होतो तो "का" विचारल्यावर. "का" विचारले की माणूस आठवणे सोडून समर्थन करू लागतो.

ठिणगी
मी वेल्डिंग शिकवतो आणि माझा अनुभव वरच्या बऱ्याच प्रतिसादांपेक्षा वेगळा आहे. हातकामात मुलाखतीने फार काही हाती येत नाही. चांगल्या वेल्डरला खोलीत बसवून प्रश्न विचारले की तो अ‍ॅम्पिअर, इलेक्ट्रोडचा कोन आणि आर्कची लांबी सांगतो. हे सगळे पुस्तकात आहे.

मी फिल्टर लावलेल्या कॅमेऱ्याने वेल्डिंगचे चित्रण करतो आणि नंतर त्या वेल्डरलाच ते दाखवून जिथे वाटेल तिथे थांबवायला सांगतो. असेच एक चित्रण पाहताना एका ज्येष्ठ वेल्डरने पडद्यावर बोट ठेवले आणि म्हणाला, "इथे कड भरली नाही, म्हणून थांबलो." वितळलेल्या धातूचे छोटे तळे बाजूच्या कडेला पुरते भिजवते आहे का, हे तो पाहत होता, आणि त्याचा वेग त्यावर ठरत होता. शिकाऊ मुले आर्कच्या झगझगीत उजेडाकडे पाहतात आणि हात एका गतीने सरकवत राहतात. त्या दिवसापासून मी पहिल्या आठवड्यात हातात होल्डर देण्याआधी चित्रणे दाखवतो, मध्येच थांबवतो आणि विचारतो, "आता पुढे सरकायचे की थांबायचे?" नजर आधी तयार झाली की हात लवकर तयार होतो, असे माझे ठाम मत झाले आहे.

कैवल्य
ठिणगी यांच्या प्रतिसादावरून सुरुंग शोधण्याचे उदाहरण आठवले. जेम्स स्टॅझेव्स्की या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकी लष्करासाठी हे काम केले. हाताने चालवायच्या धातुशोधक यंत्राने अत्यल्प धातू असलेले सुरुंग सापडण्याचे प्रमाण फारच कमी होते, आणि दोष यंत्राचा आहे असे सर्वांना वाटत होते. प्रत्यक्षात तेच यंत्र वापरून काही मोजकी माणसे असे सुरुंग सातत्याने शोधत होती. स्टॅझेव्स्कींनी त्यांचे काम बारकाईने चित्रित केले, त्यांना मोठ्याने बोलत काम करायला लावले. तेव्हा दिसले की आवाज आला की थांबायचे, एवढेच ते करत नाहीत. आवाज कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याच्या कडा ते सर्व बाजूंनी तपासतात, त्यातून जमिनीखाली एक आकृती मनात उभी करतात आणि ती ओळखीच्या सुरुंगाच्या आकृतीशी ताडून पाहतात. या कौशल्यावर बेतलेले प्रशिक्षण सामान्य सैनिकांना दिल्यावर, यंत्र तेच असताना, शोधाचे प्रमाण कित्येक पटींनी वाढले.

देवदत्त
हे उदाहरण विचार करायला लावणारे आहे, ते मी मान्य करतो. पण मग माझा दुसरा आक्षेप ऐका. सुरुंग आहे की नाही, हे खणल्यावर कळते. वेल्ड चांगला झाला का, हे चाचणीत कळते. जिथे असा निवाडा होत नाही, तिथे "तज्ज्ञ" कोण? मी अशी माणसे पाहिली आहेत जी केवळ नोकरीची वर्षे जास्त म्हणून तज्ज्ञ समजली जात, आणि ज्यांची सवय म्हणजे सुरक्षेचे इंटरलॉक बायपास करून काम उरकणे ही होती. त्यांच्या डोक्यात शिरून तेच प्रशिक्षणात उतरवले तर?

अवलोकिता
या धाग्यावरचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला प्रश्न हाच. अंतर्ज्ञानावर भर देणारे क्लाइन आणि अंतर्ज्ञानातील चुका दाखवणारे डॅनिएल काहनमन या दोघांनी २००९ मध्ये एकत्र लेख लिहिला. अनुभवी माणसाच्या आतल्या आवाजावर विश्वास ठेवायचा असेल तर दोन अटी हव्यात, यावर त्यांचे एकमत झाले. परिस्थितीत भरवशाच्या नियमित खुणा असल्या पाहिजेत, आणि त्या शिकण्याची पुरेशी संधी त्या माणसाला मिळाली असली पाहिजे. तेव्हा आपल्या कामात या दोन अटी पुऱ्या होतात का, हे मुलाखती ठरवण्याआधी तपासावे. बॉयलर भौतिकीच्या नियमांनी चालतो आणि परिणामही चटकन दिसतात, म्हणून सुजय यांच्याकडे त्या बऱ्याच अंशी पुऱ्या होतात. तरीही तज्ज्ञाची निवड नोकरीच्या वर्षांवरून न करता त्याच्या शिफ्टच्या नोंदींवरून करावी, सहकारी अडचणीत कोणाला फोन करतात हे विचारावे, आणि मिळालेली प्रत्येक युक्ती अभियंत्याकडून व सुरक्षा विभागाकडून तपासून घेतल्याशिवाय शिकवू नये.

जुना_तंत्रज्ञ
इथे तज्ज्ञाच्या बाजूने कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो. मी देखभाल विभागात काम केले आहे. एके काळी व्यवस्थापनाने आमच्याकडून सगळे लिहवून घेतले, ज्ञान जतन करायचे आहे असे सांगून, आणि ते लिखाण पूर्ण झाल्यावर आमच्यातल्या काहींची जागा कमी पगाराच्या कंत्राटी माणसांनी घेतली. तेव्हापासून कोणी वही घेऊन समोर बसले की माणसे पुस्तकातलेच सांगतात. त्यामागे मानसशास्त्राइतकीच स्वतःच्या पोटाची काळजी असते. ज्याचे ज्ञान घेता, त्याला ते कशासाठी वापरणार हे आधी सांगा, लिहिलेले त्याला वाचायला द्या, त्यातले नको असेल ते काढण्याचा हक्क द्या, आणि शिकवण्याच्या कामात त्याला स्थान व मान द्या.

मृण्मयी
जुना_तंत्रज्ञ, आपले म्हणणे मनापासून पटले. माझ्या मुलाखतींची सुरुवात मी याच बोलण्याने करते, आणि जिथे व्यवस्थापन याची लेखी हमी देत नाही तिथे हे काम घेत नाही.

निशिगंध
+१. आमच्याकडे मुलाखती दिलेल्या ज्येष्ठ परिचारिकाच आता नव्या मुलींचे सराववर्ग घेतात. त्यांना स्वतःलाही "मला हे कळते, आणि ते यामुळे कळते" असे सांगता येऊ लागले, याचा आनंद त्यांच्या बोलण्यात जाणवतो.

सुजय_प
सर्वांचे आभार. मृण्मयी यांच्या पद्धतीने मी आमच्या एका ज्येष्ठ ऑपरेटरची मुलाखत घेतली. त्यातला काही भाग त्यांच्या परवानगीने देतो. घटना अशी, की एका मोठ्या यंत्राने अचानक वाफ ओढली, बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी पॅनेलवर वाढताना दिसू लागली, आणि त्या वेळी फीडवॉटरचे, म्हणजे बॉयलरला पुरवल्या जाणाऱ्या पाण्याचे, नियंत्रण मॅन्युअलवर होते.

"लेव्हल वर चालली होती, तरी तुम्ही फीडवॉटरच्या व्हॉल्व्हला हात लावला नाही. तेव्हा तुम्हाला काय दिसत होतं?"
"प्रेशर पडत होतं."
"लेव्हलच्या आधी पाहिलंत की नंतर?"
"आधी स्टीम फ्लो पाहिला. तो उडी मारून वर गेला होता. मग प्रेशर. लेव्हल मी शेवटी पाहिली, ती वाढणार हे माहीतच होतं."
"नवा माणूस इथं काय करेल?"
"पाणी कमी करेल. आणि थोड्या वेळानं लेव्हल अशी खाली येईल की बॉयलर ट्रिप."
"समजा लेव्हल वाढतेय, पण प्रेशर आणि स्टीम फ्लो दोन्ही स्थिर आहेत. मग?"
"मग खरंच पाणी जास्त जातंय. फीडवॉटरचा फ्लो बघायचा, व्हॉल्व्ह अडकलाय का बघायचं."

दाब घटला की पाण्यातले वाफेचे बुडबुडे फुगतात आणि ड्रममधले पाणी प्रत्यक्षात कमी होत असतानाही पातळी वाढल्यासारखी दिसते, हे आमच्या पुस्तकात एका परिच्छेदात दिलेले आहे आणि त्यावर परीक्षेत प्रश्नही असतो. नव्या ऑपरेटरांना ते तोंडपाठ आहे. पण काय आधी पाहायचे हा क्रम पुस्तकात कुठेच नाही. आमचे पॅनेलही असे मांडलेले आहे की पातळी मधोमध आणि वाफेचा प्रवाह एका कडेला. मुलाखतीनंतर त्या पॅनेलकडे पाहण्याची माझीच दृष्टी बदलली.

आता अडचण अशी, की दुसऱ्या ज्येष्ठ ऑपरेटरने याच परिस्थितीचे वेगळे उत्तर दिले. ते म्हणाले, की मी थांबून राहत नाही, फीडवॉटर लगेच थोडे वाढवायला घेतो. कोणाचे शिकवायचे? आणि हे सगळे शिकवायचे कोणत्या रूपात?

ठिणगी
ही मुलाखत वाचून हातकामात मुलाखतीने काही मिळत नाही या माझ्या मताला मर्यादा घालतो. "कशाच्या आधी, कशाच्या नंतर" हा प्रश्न मी माझ्या चित्रणांच्या वेळीही विचारणार आहे.

मृण्मयी
सुजय, फार चांगली मुलाखत. नवा माणूस इथे काय करेल, हा तुमचा प्रश्न सर्वांत मोलाचा होता, कारण त्याच्या उत्तरातून थेट सरावाचा प्रसंग मिळतो.

मतभेदाबद्दल सांगायचे तर दोघांना समोरासमोर बसवून निवाडा करायला लावू नका. त्यात मान राखण्याचा प्रश्न येतो आणि दोघेही पुस्तकाकडे वळतात. प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारा की दुसऱ्याची कृती कोणत्या परिस्थितीत बरोबर ठरेल. माझा अंदाज असा, की वाफेची मागणी क्षणिक आहे की टिकणारी, याबद्दल दोघांची गृहीते वेगळी असतील. मागणी टिकणार असेल तर आत जाणारे पाणी बाहेर जाणाऱ्या वाफेइतके करावेच लागेल, आणि थंड पाणी एकदम वाढवले तर बुडबुडे आक्रसून पातळी आणखी फसवी होईल, म्हणून ते हळूहळू करावे लागेल. हे जुळले तर तुमच्याकडे दोन उत्तरे नसून एक उत्तर आणि त्याची अट आहे. नाही जुळले तर दोन्ही कारणे अभियंत्यासमोर ठेवा.

आता रूप. मिलिटेलो आणि हटन यांनी १९९८ मध्ये या पद्धतीची जी सुटसुटीत आवृत्ती दिली, तिच्यात शेवटी एक तक्ता तयार होतो. कामातला अवघड भाग कोणता, तो अवघड का, नवखे तिथे काय चुकतात, आणि अनुभवी माणसे कोणत्या खुणा व युक्त्या वापरतात, असे त्याचे रकाने असतात. तुमच्या मुलाखतीतून या तक्त्याची एक ओळ पूर्ण तयार आहे. पण हा तक्ता म्हणजे प्रशिक्षण नव्हे. तो स्लाइडवर टाकून वाचून दाखवला की पुस्तकातल्या परिच्छेदाची जी गत झाली, तीच त्याचीही होईल.

मी पुढे असे करते. प्रसंग लिहिते, तो निर्णयाच्या क्षणी थांबवते, आणि शिकणाऱ्याला त्या क्षणी कशाकडे लक्ष द्यायचे, काय करायचे, कोणती माहिती हवी, हे क्रमाने व कारणासह लिहायला सांगते. मग काही तज्ज्ञांची याच प्रश्नांची उत्तरे त्याच्यासमोर ठेवते. तज्ज्ञ समोर हजर नसतानाही आपली नजर त्यांच्या नजरेशी ताडून पाहता येते, हा याचा फायदा. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलातील नील हिंट्झे या अधिकाऱ्याने अशी कल्पना प्रथम मांडली आणि क्लाइन यांनी ती शॅडोबॉक्स या नावाने वाढवली.

वाटसरू
खर्चाचे काय? मुलाखती, त्यांचे लेखन, तक्ते, प्रसंग, पुन्हा तपासणी. आमच्या वरिष्ठांचा पहिला प्रश्न हाच असेल, आणि त्यांच्यापुढे काय मांडावे हे मला समजत नाही.

अवलोकिता
वाटसरू, खर्च मोठा आहेच आणि तो मुख्यतः माणसांच्या वेळेचा आहे. टोफेल-ग्रेल आणि फेल्डन यांनी २०१३ मध्ये अशा प्रशिक्षणांवरील उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले. त्यात या पद्धतीवर आधारलेल्या प्रशिक्षणाचा फायदा मोठा आढळला, मात्र सगळ्या अभ्यासांत तो सारख्या प्रमाणात नव्हता. दुसरे उदाहरण अमेरिकी हवाई दलातले. विमानांच्या इलेक्ट्रॉनिक भागांची तपासणी करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी पिट्सबर्ग विद्यापीठातील अ‍ॅलन लेसगोल्ड आणि सहकाऱ्यांनी शेरलॉक नावाचा संगणकीय सराव तयार केला होता. बिघाडशोधाच्या अवघड प्रश्नांवर सुमारे २० ते २५ तासांच्या सरावाचा परिणाम प्रत्यक्ष कामाच्या चार वर्षांच्या अनुभवाच्या तोडीचा आढळला. त्याच्या मुळाशी तज्ज्ञांच्या विचारपद्धतीचे दीर्घ विश्लेषण होते.

तरीही प्रत्येक कामाला हे लावू नका. ज्या कामात निर्णय फारसे नाहीत, त्याला लेखी कार्यपद्धती आणि देवदत्तकाकांचा कळीच्या मुद्द्यांचा तक्ता पुरेसा आहे. जिथे चूक महाग पडते, प्रसंग क्वचित येतो आणि जुना व नवा माणूस यांच्या कामात ढळढळीत फरक दिसतो, तेवढे मोजके भाग निवडा.

देवदत्त
सुजय, एक सूचना करतो. प्रशिक्षण झाल्यावर त्याच प्रसंगावर परीक्षा घेऊ नका, कारण आता तोही पाठ होईल. उलटा प्रसंग द्या. वाफेची मागणी एकदम थांबते, दाब वाढतो, पातळी घसरल्यासारखी दिसते. सिम्युलेटर तिथे थांबवा आणि दोनच गोष्टी लिहून घ्या: तुम्ही सर्वांत आधी काय पाहिले, आणि पुढच्या दोन मिनिटांत पातळीचे काय होईल. जुन्या पद्धतीने शिकलेल्या गटालाही हेच द्या. दोन्ही गटांच्या उत्तरांत फरक पडला तर मी माझे मत बदलेन आणि ते इथेच लिहीन.

सुजय_प
देवदत्तकाका, हे नक्की करतो. पुढची तुकडी दोन गटांतच येणार आहे, त्यामुळे तुलना सहज करता येईल. उलट्या प्रसंगाचा मसुदा दोन्ही ज्येष्ठ ऑपरेटरांकडून वेगवेगळा तपासून घेतो आहे, आणि मृण्मयी यांनी सुचवलेला प्रश्न, म्हणजे दुसऱ्याची कृती केव्हा बरोबर ठरेल, हाही त्यांना त्याच वेळी विचारणार आहे. पॅनेलवर वाफेचा प्रवाह पातळीच्या शेजारी आणता येईल का, याची चौकशी इन्स्ट्रुमेंट विभागाकडे केली आहे. गटांची उत्तरे हाती आली की नावे वगळून ती या धाग्यावर देईन.